स्विस सैनिकांचा चाकू आणि बाटलीच्या बुचाची दंतकथा

इंदूरच्या मराठी घरांत जुन्या कपाटातून लाल मुठीचा स्विस चाकू निघाला की, ‘हा तिकडच्या सैनिकांना मिळे, वाइनच्या बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रूसुद्धा सरकारच देई’, असे हमखास सांगितले जाते. हे खरे नाही. १८९०च्या सैनिकी चाकूत मोठे पाते, आरी, डबे उघडण्याचे पाते आणि पेचकस एवढेच होते, आणि मूठ गडद ओक लाकडाची होती. डबाबंद अन्न उघडणे आणि १८८९च्या नव्या रायफलीचे भाग सुटे करणे, ही त्यामागची गरज.

बुचाचा स्क्रू आला तो स्विस चाकू-कारागीर कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली नोंदवलेल्या ‘अधिकाऱ्यांच्या चाकू’त. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंनी अवजारे पेलण्याची त्यांची युक्ती हाच माझ्या मते खरा बदल होता, कारण तिच्यामुळे पाठीवर स्क्रू आणि आणखी एक छोटे पाते बसवूनही चाकू बोजड झाला नाही. गंमत म्हणजे, नाव अधिकाऱ्यांचे असूनही तो सरकारी सामानात कधीच नव्हता. हौस असेल त्याने पदरचे पैसे मोजून घ्यावा.

सैनिकी चाकू मात्र वेगळ्या वाटेने बदलला: १९५१ मध्ये स्टेनलेस पोलाद, १९६१ मध्ये ॲल्युमिनियमची मूठ, २००८ मध्ये करवत आणि फिलिप्स (म्हणजे अधिक-चिन्हासारख्या टोकाचा) पेचकस. बुचाचा स्क्रू त्यातही नाही.