गाणी तीच, अल्बम दोन: ‘द स्मिथ्स’ आणि ‘हॅटफुल ऑफ हॉलो’

स्मिथ्सच्या एखाद्या जुन्या चाहत्याला ‘स्टिल इल’ आवडतं म्हणून सांगा. कौतुक राहतं बाजूला, आधी प्रश्न येतो: “कुठलं? माउथऑर्गनचं की बिनमाउथऑर्गनचं?” प्रश्न रास्त आहे, कारण हे गाणं दोन अल्बममध्ये आहे आणि दोन्हीकडचं रेकॉर्डिंग वेगळं आहे. नव्या श्रोत्याची गल्लत होते ती इथेच. जुन्यांची भांडणंही इथूनच सुरू होतात.

द स्मिथ्स म्हणजे मँचेस्टरची चौकडी: गायक मॉरिसी, गिटारवर जॉनी मार, बेसवर अँडी रूर्क, ड्रमवर माइक जॉइस. बँडचंच नाव असलेला त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९८४ मध्ये आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. त्याच नोव्हेंबरात रफ ट्रेड कंपनीनं ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ काढला. त्यात सोळा गाणी होती: काही बीबीसी रेडिओसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज, काही सिंगल्स (म्हणजे सुटी विकली गेलेली गाणी), काही बी-साइड्स (सिंगलच्या तबकडीच्या मागच्या बाजूची गाणी). वेष्टनावर चक्क छापलं होतं की ३.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. थोडक्यात, एक रीतसर अल्बम आणि दुसरं संकलन. मात्र पहिल्याच्या मूळ तबकडीवरच्या दहा गाण्यांपैकी पाच दुसऱ्यातही आहेत, आणि वाद पेटतो तो या पाचांवरून.

पहिल्या अल्बमचा जन्मच अडखळत झाला. १९८३ च्या उन्हाळ्यात ट्रॉय टेट या प्रोड्यूसरबरोबर लंडनमध्ये जवळजवळ पूर्ण अल्बम रेकॉर्ड झाला होता. तो जॉन पोर्टर या दुसऱ्या प्रोड्यूसरकडे दुरुस्तीला गेला तेव्हा पोर्टरचं मत पडलं की डागडुजी करत बसण्यापेक्षा सगळा पुन्हा रेकॉर्ड करावा. मग सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, कार्यक्रमांमधून सवड काढत, लंडन आणि मँचेस्टरच्या स्टुडिओंत तीच गाणी पुन्हा वाजवली गेली. काही महिन्यांत दुसऱ्यांदा! तो थकवा ऐकू येतो, असं बरेच जण म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. ड्रम जरा ओलसर, गिटार एकावर एक रचलेल्या, सगळ्यावर एक करडा पडदा.

बीबीसीचा मामला उलटा होता. रेडिओवर तबकड्या किती वेळ वाजवायच्या यावर तेव्हा मर्यादा होती, म्हणून बँडला स्टुडिओत बोलावून खास कार्यक्रमासाठी रेकॉर्डिंग करून घ्यायची पद्धत होती. मे १९८३ मध्ये बीबीसीचा निवेदक जॉन पील याच्या कार्यक्रमाचा निर्माता जॉन वॉल्टर्स यानं लंडनमध्ये त्यांना ऐकलं आणि लगेच बोलावणं धाडलं. एका दिवसात चार गाणी वाजवायची, मिक्स करायची, संपलं. इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: ‘हॅटफुल’ हा लाइव्ह अल्बम नाही. समोर प्रेक्षक नव्हते, टाळ्या नाहीत. पण घोटून घोटून चव घालवायला वेळच नव्हता.

आता गाणी शेजारी शेजारी ठेवून ऐका. ‘स्टिल इल’ बीबीसीच्या आवृत्तीत माउथऑर्गननं सुरू होतं आणि माउथऑर्गननंच संपतं. अल्बममध्ये तो भाग गायब आहे, गाणं थेट गिटारवर उडी घेतं. ‘यू हॅव गॉट एव्हरीथिंग नाऊ’ बीबीसीसाठी संथ वाजवलंय, की-बोर्डशिवाय, त्यामुळे त्यातली असूया नीट मुरते. अल्बममध्ये ते धावतं. ‘रील अराउंड द फाउंटन’च्या अल्बम आवृत्तीत पॉल कॅरॅकचा पियानो आणि ऑर्गन आहे. काहींना त्यानं गाण्याला उंची मिळाली असं वाटतं; मला तो पाहुणा फार वेळ बसल्यासारखा वाटतो. ‘हँड इन ग्लव्ह’ हा त्यांचा पहिलाच सिंगल. ‘हॅटफुल’मध्ये तो मूळ रूपात आहे: आवाज शून्यातून हळूहळू वर येतो आणि मॉरिसी दुरून गातोय असं वाटतं. पोर्टरनं अल्बमसाठी त्याचं नव्यानं मिक्सिंग केलं आणि माझ्या मते तो कच्चा जोर तिथेच कमी झाला. राहिलं ‘व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?’ इथे मात्र मी अल्बमच्या बाजूनं. ते गाणं असंच दाट आणि जड हवं.

म्हणजे सामना ‘हॅटफुल’नं चार-एक असा जिंकला. मग सगळं खापर पोर्टरवर फोडायचं, ही चाहत्यांची आवडती सवय. ती टिकत नाही. ‘हॅटफुल’मधलं ‘हाऊ सून इज नाऊ?’ पोर्टरचंच, ‘विल्यम, इट वॉज रिअली नथिंग’ आणि ‘हेवन नोज आय अ‍ॅम मिझरेबल नाऊ’ हीसुद्धा त्याचीच. ज्या तबकडीचं नाव घेऊन त्याला शिव्या घालतात, तिच्यातली सर्वांत गाजलेली गाणी त्यानंच घडवली आहेत.

शिवाय हा निकाल फक्त सामायिक गाण्यांचा आहे, आणि पहिल्या अल्बमची बाजू घेणारे बोट ठेवतात ते उरलेल्या पाचांवर. ‘सफर लिटल चिल्ड्रन’ मँचेस्टरजवळच्या माळरानावर पुरल्या गेलेल्या, १९६० च्या दशकात खून झालेल्या मुलांबद्दल आहे. त्यावरून १९८४ मध्ये गदारोळ झाला, काही मोठ्या दुकानांनी तबकडी विक्रीतून काढली. या गाण्याला आणि ‘द हँड दॅट रॉक्स द क्रेडल’ला तो करडा, दमट आवाज नेमका शोभतो; बीबीसीचा मोकळा उजेड तिथे चालला नसता. एक गट गाणं कसं वाजलं ते तोलतो, दुसरा अल्बम अखंड कसा चालतो ते. दोघंही बरोबर ऐकतात, फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

वादात भूगोलही आहे. अमेरिकेत ‘हॅटफुल’ १९९३ पर्यंत प्रकाशितच झाला नव्हता, त्यामुळे तिथल्या अनेकांच्या कानात पहिल्या अल्बमचीच रूपं बसली. शिवाय त्यांच्या प्रतीत ‘धिस चार्मिंग मॅन’ घातलं होतं. मूळ ब्रिटिश तबकडीत ते नव्हतं. आज सीडीवर आणि स्ट्रीमिंगवर सहसा अकरा गाण्यांचीच प्रत मिळते. मूळ क्रम हवा असेल तर ते मधलं गाणं ओलांडा. ते सिंगलचं रेकॉर्डिंग आहे. ‘हॅटफुल’मधलं पीलच्या कार्यक्रमातलं.

या दोन्ही गटांना नाकं मुरडणारा तिसराही गट आहे, ट्रॉय टेटवाल्यांचा. खरा पहिला अल्बम तोच, असं त्यांचं म्हणणं. त्यातला बहुतांश भाग अधिकृतपणे बाहेर आलेला नाही. ‘जीन’ हे बी-साइडवरचं गाणं आणि ‘प्रिटी गर्ल्स मेक ग्रेव्ह्ज’ची एक आवृत्ती एवढंच हाती लागतं. ‘जीन’ ऐकल्यावर मात्र त्यांना वेड्यात काढणं जड जातं.