गाणं विरत का जातं? फेड-आउटची पार्श्वभूमी

ध्वनिमुद्रित गाणं संपवायच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा. एक, सगळ्यांनी ठरल्या जागी एकदम थांबायचं. तिहाई घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला हाच खरा शेवट वाटतो. दुसरीत वादक वाजवतच राहतात आणि आवाज तेवढा हळूहळू विरतो. हे फेड-आउट म्हणजे शेवट सुचला नाही म्हणून काढलेली पळवाट, असं सर्रास म्हटलं जातं. काही गाण्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण मागे जाऊन पाहिलं तर गाण्याचा शेवट संगीतकाराइतकाच यंत्राने ठरवलेला दिसतो.

कल्पना यंत्राआधीची. संगीतकार हायडनच्या १७७२ मधल्या ४५व्या सिंफनीच्या अखेरीस वादक एकेक करून उठून जातात आणि दोनच व्हायोलिन उरतात. इंग्लिश संगीतकार होल्स्टने 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेच्या शेवटच्या भागासाठी स्त्रियांचा कोरस शेजारच्या खोलीत ठेवला आणि मधलं दार सावकाश, आवाज न करता लावून घ्यायची सूचना स्वरलिपीतच लिहिली. लंडनमध्ये १९१८ साली ते प्रथम वाजलं.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात गाणं भोंग्यापुढे व्हायचं आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. आवाज उतरवायचा तर माणसांनीच भोंग्यापासून मागे सरायचं. १९२५ पासून मायक्रोफोन आणि अॅम्प्लिफायर वापरात आले, तेव्हा हे काम बटणावर आलं. तरी मुद्रण थेट मेणावर होत असल्याने चूक झाली की सगळंच पुन्हा. खरी मोकळीक चुंबकीय टेपने दिली. मूळ टेपवरून प्रत काढताना फेड हवा तितक्या वेळा करून बघता येऊ लागला, आणि १९५०च्या दशकापासून त्याचा सुकाळ झाला.

रेडिओच्याही ते पथ्यावर पडलं. निवेदकाला विरत्या आवाजावर बोलता येतं, मध्ये शांतता पडत नाही. लांबलेलं गाणं कापायचं तर फेड अर्धा मिनिट आधी सुरू केला की झालं. लांबीचा धाक असा होता की निर्माता फिल स्पेक्टरने १९६४ मध्ये रायचस ब्रदर्सच्या एका पावणेचार मिनिटांच्या गाण्याच्या लेबलवर चक्क ३:०५ छापलं.

लाँग प्ले तबकडीत आणखी एक अडचण होती, तिची चर्चा कमी होते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याशा जागेत तीच कंपनं दाटीवाटीने कोरावी लागतात. म्हणून बाजूच्या शेवटी दणदणीत झांजा आणि गाताना येणारे 'स'चे तीव्र उच्चार फाटतात. विरत जाणारं गाणं तिथे निभावून जातं.

चांगला फेड करणं मात्र सोपं नाही. आवाजाची पातळी वेळेच्या सरळ प्रमाणात खाली आणली, तर निम्मा वेळ संपला तरी ती फक्त ६ डेसिबलने उतरलेली असते. कानाला फरक जेमतेम जाणवतो, आणि शेवटच्या दोन सेकंदांत गाणं कडेलोट झाल्यासारखं नाहीसं होतं. डेसिबलच्या हिशेबाने एकसारखं उतरवलं तर शेवटचा भाग घरातल्या पंख्याच्या आवाजातच बुडतो. म्हणून उतार मधला ठेवतात आणि तो १०-१५ सेकंद चालवतात. फेड कॉम्प्रेसरच्या, म्हणजे मोठा आणि बारीक आवाज यांतलं अंतर कमी करणाऱ्या यंत्राच्या, नंतर करायचा. आधी केला तर कॉम्प्रेसर सुरुवातीचा उतार भरून काढतो आणि मग एका टप्प्यावर सोडून देतो, त्यामुळे गायन आणि ड्रम यांचा तोल बदलतो. १६ बिटच्या डिजिटल मुद्रणात आणखी एक फटका: दर ६ डेसिबल उतरताना एक बिट कामातून जातो. पूर्ण पातळीपासून ६० डेसिबल खाली गेलं की जेमतेम सहा बिट उरतात आणि शेपूट खरखरतं. डिदर नावाचा बारीक गोंगाट सगळ्यात शेवटी मिसळला तरच ते झाकलं जातं.

फेड कुठे शोभतो याचं उत्तर बरेचदा स्वरसंगतीत असतं. बीटल्सच्या १९६८च्या 'हे जूड'मध्ये ७ मिनिटं ११ सेकंदांपैकी निम्म्याहून जास्त वेळ कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचं, एकच आवर्तन फिरतं: एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, पुन्हा एफ. ज्यावरून मूळ कॉर्डवर परतलं की पाश्चात्त्य कानाला 'संपलं' असं वाटतं तो पाचवा कॉर्ड, इथे सी, या फेऱ्यात येतच नाही. असं चक्र तोडून थांबवलं तर अपघात वाटला असता.

त्याच मंडळींनी वर्षभर आधी 'अ डे इन द लाइफ'मध्ये उलटी युक्ती केली होती. २२ फेब्रुवारी १९६७ला तीन पियानोंवर ई मेजर कॉर्ड एकाच वेळी दाबला गेला. सगळ्यांचे हात एकदम पडेपर्यंत नऊ टेक झाले. पुढे नाद मावळत गेला तसा ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने फेडर, म्हणजे पातळी ठरवणारी सरकपट्टी, वर चढवत नेला. त्यामुळे कॉर्ड चाळीसेक सेकंद टिकतो, आणि अखेरीस पातळी इतकी चढलेली असते की खुर्चीची कुरकुर ऐकू येते. १९६९च्या 'आय वॉन्ट यू'साठी तर टेप सरळ कात्रीने कापली. ते गाणं तबकडीची पहिली बाजू संपवतं, म्हणून कापल्यानंतर शांतता मिळायची; सीडीवर लगेच पुढचं गाणं सुरू होतं आणि धक्का निम्मा होतो.

फेड-आउटचं एक कर्ज मंचावर फेडावं लागतं. तबकडीवर न केलेला शेवट तिथे कुणीतरी बसवावाच लागतो: ड्रमरचा इशारा, लय ओढून धरणं, शेवटचा कॉर्ड पहिल्या मात्रेवर.

सत्तरच्या दशकात बारा इंची डिस्को रेकॉर्डने तिसराच शेवट आणला. गायन थांबतं, फक्त ताल उरतो, १६ किंवा ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके). मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ३२ बार म्हणजे ६४ सेकंद. तेवढ्या वेळात डीजे पुढच्या रेकॉर्डची लय जुळवून घेतो. इथे फेड उलट नडतो.

२००० नंतर फेड-आउट झपाट्याने मागे पडलं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की मोजलं जातं, तेव्हा सगळा जोर सुरुवातीला गेला, आणि ऐकणाऱ्याचं बोट विरत्या शेपटीपर्यंत थांबत नाही. वर अॅपमध्ये क्रॉसफेडची, म्हणजे एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करण्याची, सोय आहे. ती चालू असेल तर समेवर नेटका थांबवलेला शेवटही पुढच्या गाण्याखाली विरतो, संगीतकाराने काहीही ठरवलेलं असो.