स्टिरिओ सुधारताना खोलीचाही हिशेब

माझ्या मामांचे घर चोपडा तालुक्यात होते. भिंती हातभर जाड, मातीच्या. छताला लाकडी सर, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर, म्हणजे खानदेशात ज्याला धाब्याचे घर म्हणतात तसे. त्या घरात त्यांच्या जुन्या स्पीकरवर गायनाची ध्वनिमुद्रिका लावली की मागच्या तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालच्या स्वराची तार) आणि जोडाच्या (मधल्या जोडीच्या) तारा निरनिराळ्या ओळखू येत. पुढे तेच स्पीकर आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर आमच्या जळगावच्या स्लॅबच्या घरात, दहा बाय दहाच्या खोलीत आले. तिथे बायाँचा (तबल्याच्या डग्ग्याचा) घुमारा सगळ्यावर पसरू लागला, वरच्या पट्टीतला सूर कानाला टोचू लागला आणि तंबोरा तर हरवलाच. दुकानदाराच्या सल्ल्याने मी आधी दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, नंतर महागडी वायर घेतली. दोन्हींनी फरक पडला नाही, आणि तो का पडला नाही याचे उत्तर पदार्थविज्ञानात सरळ सापडते.

प्रथम वॅटचे पाहू. विद्युतशक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते; आवाज कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दसपट शक्ती लागते. म्हणून ३० वॅटवरून ६० वॅटवर जाण्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहणे अधिक हिताचे असते. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ८९ डेसिबल देणारा घेतला, तर जुन्याच अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्यासारखे होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा अजिबात विचारात घेऊ नये, ‘आरएमएस’ (सतत देता येणारे) वॅट किती आणि ते किती ओहमच्या (विद्युतरोधाचे एकक) भारावर, एवढेच विचारावे. चार ओहमचा स्पीकर आठ ओहमच्या स्पीकरपेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढतो. अ‍ॅम्प्लिफायर तेवढ्यासाठी बनवलेला नसेल तर तो तापतो, आणि पंचेचाळीस अंशांच्या आमच्या मे महिन्यात बंदिस्त कपाटात ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर तर लवकरच मान टाकतो.

वायरचा हिशेब त्याहून सोपा आहे. घरातल्या वायरिंगला वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आणि स्पीकर पाच मीटरवर असला, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो दीड टक्का आहे. यापलीकडे वायरवर पैसे घालणे मला पटत नाही. मात्र दोन्ही स्पीकरना अधिक-उणे सारख्याच बाजूने जोडले आहे ना, हे जरूर पाहावे. एकाची जोडणी उलटी झाली तर एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जातो, खालचे स्वर एकमेकांना खोडतात आणि गायक दोन स्पीकरच्या मध्ये ‘दिसत’ नाही.

आता यंत्रांच्या साखळीत दोष कोठे जास्त आहे ते पाहावे. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असतात; तेवढ्यात माणसाच्या कानाला ऐकू येणारा सगळा पट्टा मावतो. बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर ध्वनीत टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकीच विकृती घालतो. स्पीकरचे काम मात्र अवघड आहे, कारण विजेचे रूपांतर त्याला कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याच्या हालचालीत आणि हालचालीचे हवेच्या कंपनात करावे लागते. राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेली चुंबक आणि हलती कॉइल यांची रचनाच आजही बहुतेक स्पीकरांत असते. मिळालेल्या विजेचा शंभरातला एक भागही अनेक घरगुती स्पीकर ध्वनीत बदलू शकत नाहीत, आणि खालच्या स्वरांत त्यांची विकृती टक्क्यांमध्ये मोजावी लागते. म्हणून निम्म्याहून अधिक पैसे स्पीकरवर खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पीकर निवडताना दोन जोड्यांचा आवाज काटेकोरपणे सारखा ठेवून ऐकावे. एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकरही आपल्याला ‘मोठा’ वाटण्याऐवजी ‘चांगला’ वाटतो. याला कानाचा स्वभाव कारण आहे: फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात.

तरीही चांगले स्पीकर आणून आमची खोली सुधारली नसती, कारण साखळीचा शेवटचा भाग खोलीच आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तेव्हा समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) स्वर नेमका अर्धी तरंगलांबी होऊन बसतो आणि अनुनादाने फुगतो. आमच्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहाच फूट असल्याने तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच ५६ हर्ट्झवर आणि पुढे ११२ वर येऊन साचले होते. बायाँचा आणि तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर याच शेजारात असतो. अशा खोलीत मोठ्या वूफरचे (खालच्या स्वरांच्या पडद्याचे) उंच स्पीकर आणणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे होय. तिथे पाच-सहा इंची वूफरचे लहान स्पीकरच शोभतात, तेही कोपऱ्यापासून दूर, कारण कोपरा खालचे स्वर आणखी वाढवतो.

वरच्या स्वरांचे दुखणे वेगळे होते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की तिचा झणझणाट छतापर्यंत जाऊन परत येई. हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस सॅबिन यांच्यापुढे १८९५ मध्ये हाच प्रश्न होता. एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री तिथे आणल्या, एकेक वाढवत निनादकाळ (घुमणारा आवाज विरायला लागणारा वेळ) मोजला आणि सकाळी परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र असे, की खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणून तिच्या एकूण शोषणाने भागले की निनादकाळ सेकंदांत मिळतो. शोषण मोजायला त्यांनी एकक धरले ते उघड्या खिडकीचे, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आमच्या खोलीचे घनफळ २८ घनमीटर. सिमेंट आणि फरशी तीन-चार टक्केच आवाज शोषतात असे धरले तर निनादकाळ दोन ते पावणेतीन सेकंद निघतो. तो अर्ध्या सेकंदावर आणायला सुमारे नऊ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण हवे. आमच्या कापसाच्या मुलखात त्याची सामग्री घरोघरी आहे. पिंजून भरलेल्या रुईची सहा बाय तीन फुटी गादी एका बाजूने १.७ चौरस मीटर भरते. तंतूंमधल्या हवेला घर्षण होऊन ध्वनीची ऊर्जा तिथे उष्णतेत विरते. मी तीन गाद्या उभ्या केल्या: एक मागच्या भिंतीशी, उरलेल्या दोन बाजूच्या भिंतींशी, जिथे आरसा धरला असता बसल्या जागेवरून स्पीकर दिसतो तिथे. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडले, कारण भिंतीला चिकटलेल्या जागी हवा हलत नाही आणि शोषण कमी होते. गाद्या स्विच बोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायरपासून लांबच ठेवल्या. रुई पटकन पेट घेते. याशिवाय बाजेवरची गादी आणि उघडी खिडकी होतीच.

टाळीचा झणझणाट गेला. ५६ हर्ट्झचा घुमारा मात्र राहिला, कारण त्याची तरंगलांबी सहा मीटरच्या वर आहे आणि चार इंचांच्या गादीला तो जुमानत नाही. त्यावर उपाय बसण्याच्या जागेत निघाला. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीपाशी हा अनुनाद सर्वांत जोरात असतो. ती तीन फूट पुढे ओढली, दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला. मग कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीखाली बारीक स्वर बुडून जातात, आणि मामांच्या घरची तीच ध्वनिमुद्रिका लावली. खर्जाची तार जोडापासून वेगळी ऐकू आली.