सुरीचा दगड आणि न दिसणारी बर

रविवारची राइड संपते, सायकली टपरीच्या भिंतीला टेकतात. पहिल्या चहाला विषय टायरच्या प्रेशरचा असतो, दुसऱ्या चहाला तो कुठेही गेलेला असतो. हल्ली तो स्वयंपाकघरात शिरतो. कुणीतरी विचारतं, "घरच्या सुऱ्यांना धार लावायला दगड कोणता घेऊ?" उत्तरं येतात ती आकड्यांत. (हे रुपये नव्हेत, दगडाचा कण किती बारीक त्याचा अंक: आकडा मोठा तर कण बारीक.) "हजार-सहा हजारचा जोडदगड घे." "छे, आठ हजारशिवाय मजा नाही." चाकाचं वजन ग्रॅमवर मोजणाऱ्यांना आकड्यांची भुरळ पडली तर नवल नाही. पण आठ हजारचा दगड आणूनही टोमॅटो चेंगरतोच, आणि शिव्या दगडाला बसतात. खरा दोष बहुधा धारेवर उरलेल्या एका न दिसणाऱ्या झालरीचा, म्हणजे बरीचा असतो.

मुळात धार म्हणजे काय ते आधी पाहू. सुरीचे दोन उतार जिथे भेटतात ती कड किती अरुंद, एवढाच प्रश्न आहे. टोमॅटोवर सुरीचा भार दोनशे ग्रॅम आणि एका वेळी टेकलेली कड एक सेंटिमीटर लांब धरा. कडेची रुंदी एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर सालीवरचा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास 2000 पट होतो. तीच कड झिजून 20 मायक्रॉन झाली की दाब 100 पटीवर येतो. (रोड सायकलच्या टायरात सहा-सात पट असतो, तेव्हा शंभरसुद्धा कमी नव्हे, पण टोमॅटोची साल भलती चिवट.) केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे जिला आपण 'पार बोथट' म्हणतो ती कडही केसाहून बारीकच असते.

आता हिशेब करता येतो. कड 20 मायक्रॉन रुंद आणि प्रत्येक बाजूचा कोन 20 अंश असेल, तर दोन्ही उतार पुन्हा एका रेषेत भेटवण्यासाठी प्रत्येक उतारावरून फक्त साडेनऊ मायक्रॉनचा थर जायला हवा. याउलट गोठलेल्या मटणावर किंवा नारळावर मारून सुरीला अर्धा मिलिमीटर खोल खाच पडली असेल, तर थर जातो सुमारे 170 मायक्रॉनचा, अठरा पट. दगड निवडायचा तो या फरकावरून. नुसती बोथट झालेली सुरी हजारच्या दगडावर पाच-दहा मिनिटांत येते. खाच पडलेली सुरी हजारवर घासत बसलात तर संध्याकाळ जाते, कंटाळा येतो आणि कंटाळलेला हात कोन बिघडवतो. तिथे 220 ते 400 लागतो.

हे आकडे आले कुठून? पूर्वी पूड चाळणीतून काढत. एका इंचात जितकी छिद्रं तितका आकडा. आकडा मोठा तर कण बारीक. आज बारीक कण वेगळ्या पद्धतींनी मोजतात आणि प्रत्येक देशाचं कोष्टक निराळं. जपानी मापात 400 म्हणजे सरासरी 30 मायक्रॉनचा कण, 1000 म्हणजे 11.5, 3000 म्हणजे 4, 8000 म्हणजे 1.2. पॉलिश पेपरवर 'पी' लिहिलेलं असतं ते युरोपीय माप. तिथे पी 1000 म्हणजे 18.3 मायक्रॉन. जपानी 1000 च्या जवळ जाणारा पेपर पी 1500 ते पी 2000. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून धार लावणाऱ्यांची फसगत होते ती इथे. हार्डवेअरच्या दुकानातल्या आठ बाय दोन बाय एक इंची दुतोंडी दगडावर तर बहुतेकदा आकडाच नसतो. एक बाजू जाड, एक बारीक, बस्स. त्याची बारीक बाजूही हजारपेक्षा बरीच भरड असते.

कण कशाचा, हेही महत्त्वाचं. घरच्या स्टेनलेस सुरीचं पोलाद रॉकवेल मापात 54 ते 57, म्हणजे विकर्स मापात सहाशेच्या आसपास कडक असतं (दोन्ही कडकपणाची मापं, आकडा मोठा तर वस्तू कडक). महागड्या जपानी सुऱ्या रॉकवेल 60 ते 64. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, ज्या खनिजांचा बनतो ती सुरीच्या पोलादाच्या जोडीचीच. म्हणून विळ्या-कोयत्याचं मऊ लोखंड त्यावर पाजवता येतं, पण कडक सुरी नुसती घसरते. ओट्याचा कडप्पा त्याहून मऊ. त्यावर सुरी घासून ओटाच झिजेल. चिनीमातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची कडी मात्र खरंच काम करते, अडीअडचणीला वापरावी. दगडात सहसा दोनच पुडी असतात: ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंद (इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडच्या दक्षिणी भाषांतून गेला), विकर्स 2000 च्या आसपास; आणि सिलिकॉन कार्बाइड, 2500 च्या आसपास. दोन्ही घरच्या पोलादाला पुरून उरतात. काही नव्या पोलादांत व्हॅनेडियम कार्बाइडचे कण असतात, विकर्स 2800 च्या घरातले. कुरुंदाचा दगड त्यांच्या भोवतीचं मऊ पोलाद खातो आणि ते कण तसेच उभे राहतात किंवा उपटून येतात. अशा सुरीला हिऱ्याची प्लेट लागते. पण आपल्या सुरीत व्हॅनेडियम आहे का, असा प्रश्न पडत असेल तर बहुधा नाही.

आता मुख्य गोष्ट: बर. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना हा शब्द नवा नाही. धातू कापला की कडेला जी खरखरीत झालर उरते ती बर. सुरीला धार लागते की नाही, ते हिच्यावर ठरतं.

दगडावर सुरी सरकते तेव्हा कण पोलाद खरवडतात. उताराच्या मध्यावर खाली जाड पोलादाचा आधार असतो, त्यामुळे तिथून कीस निघतो. कडेपाशी जाडी मायक्रॉनवर येते. तिथे कण पोचला की त्याच्यापुढे दोन पर्याय असतात: पोलाद कापायचं किंवा ढकलायचं. आधार नसलेलं पोलाद ढकलणं सोपं. ते पलीकडे वाकतं, लवचीकपणाची मर्यादा ओलांडतं आणि वाकलेलंच राहतं. पुढचा कण त्यात भर घालतो. दहा-वीस हातांनंतर पलीकडच्या बाजूला पापुद्र्याची अखंड पट्टी उभी राहते. डोळ्याला दिसत नाही, पण सुरीच्या पाठीकडून धारेकडे अंगठा आडवा सरकवला (धारेच्या लांबीने कधीच नाही) की सूक्ष्म अडकल्यासारखं लागतं.

बर आली म्हणजे तुम्ही कडेपर्यंत पोचलात. येत नसेल तर उताराचा फक्त वरचा खांदा झिजतोय. उतारावर परमनंट मार्करची रेघ ओढा आणि दोन हात मारून बघा: कडेलगत शाई शिल्लक राहिली तर कोन कमी पडतोय. साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ 15 अंशांसाठी दगडापासून साडेअकरा मिलिमीटर उचलावी लागते, 20 अंशांसाठी साडेपंधरा. अडीच सेंटिमीटरच्या नेहमीच्या भाजीच्या सुरीला 20 अंशांसाठी साडेआठ पुरे. टाचेपासून टोकापर्यंत बर एकसारखी लागली की मगच बाजू बदलायची. बहुतेक जण टोकापाशी ती येण्याआधीच कंटाळतात.

बाजू बदलली की बर परत पहिल्या बाजूला वाकते. आता ती घालवायची, आणि इथेच घोटाळा होतो. तार मागेपुढे वाकवून तोडतात तशी ती तोडता येते, पण तुटते तिथे कड फाटकी आणि रुंद उरते. म्हणून ती झिजवून पातळ करत न्यायची, आणि त्यासाठी दाब उतरवावा लागतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ओलं फडकं, त्यावर दगड ठेवा आणि काटा शून्यावर आणा. सुरुवातीचं घासणं दीड किलोच्या आसपास. बर आली की 500 ग्रॅमवर प्रत्येक बाजूला पाच हात, मग 200 ग्रॅमवर तीन, शेवटी सुरीच्या स्वतःच्या वजनावर एक-एक आलटून पालटून. हे शेवटचे हात धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ काप काढत असल्यासारखे, आणि पाठ दीड-दोन अंश आणखी उचलून. मग जुन्या जीन्सच्या कापडावर किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर, आता धार मागे ठेवून, पाच-सहा वेळा ओढायची.

घरच्या मऊ स्टेनलेसची बर लांब आणि चिकट असते, कडक पोलादाची आखूड आणि ठिसूळ. आता टपरीवरच्या आठ हजारची गोष्ट उलगडते. इतका बारीक दगड फार कमी कापतो. हजारवर राहून गेलेली मऊ बर तो काढत नाही, तिला घासूनपुसून चकचकीत वर्ख बनवतो. तो वर्ख कागद सर्रकन कापतो, व्हिडिओ छान निघतो, आणि पाटावर तीन कांदे चिरले की दुमडतो. "काल ब्लेडसारखी होती हो!" ही तक्रार जवळजवळ नेहमी उरलेल्या बरीची असते. शिवाय हजारच्या दगडाने कडेला जे सूक्ष्म दात राहतात तेच टोमॅटोची, मिरचीची साल धरतात. माझं मत स्पष्ट आहे: घराला हजारचा एक चांगला दगड, फार तर जोडीला 400. तीन हजारच्या वरचं काहीही 60 रॉकवेलची सुरी घरात आल्यावर.

जाता जाता एक. वास्तूच्या दुकानांत पिरॅमिड अजून खपतात, आणि त्यांच्या 'शक्ती'चा पुरावा म्हणून ब्लेडची गोष्ट सांगतात. कारेल द्रबल यांना 1959 साली चेकोस्लोव्हाकियात पिरॅमिडखाली दाढीचं ब्लेड धारदार ठेवण्याचं पेटंट मिळालं होतं, हे खरं. पेटंट मिळणं म्हणजे गोष्ट सिद्ध होणं नव्हे. 2020 साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ केससुद्धा ब्लेडच्या कडेचे टवके काढतो. उडालेला टवका पुठ्ठ्याचा त्रिकोण परत कसा बसवणार?

सायकल स्टँडवर लावून, पेडल मारत चाकावर धार लावणारे अजून गल्लीत येतात. कात्रीला, कोयत्याला ठीक. पातळ सुरीला मात्र कोरडं चाक घातक ठरू शकतं, कारण कडेची उष्णता जायला जागाच नसते. कार्बन पोलादाच्या कडेला निळसर झाक दिसली तर तिथलं तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं आणि कडकपणा उतरला. तेवढा भाग झिजेपर्यंत तिथे धार टिकत नाही. ठिणग्या उडताना त्यांना मध्येमध्ये पात्यावर पाणी मारायला सांगावं.

दगडावर तेल की पाणी? पाण्याच्या दगडाला पाणीच. मातीच्या, भाजलेल्या बंधाचा (बंध म्हणजे कण धरून ठेवणारा पदार्थ) दगड दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावा. मॅग्नेशियाच्या बंधाचा बुडवून ठेवला तर मऊ पडून तडकतो, त्यावर नुसता शिडकावा. हार्डवेअरच्या दगडाला शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं. गोडेतेल नको: काही दिवसांत त्याचा चिकट थर होऊन दगडाची छिद्रं बुजतात. सायकलच्या चेनचं तेलही नको, ते चिकटून राहण्यासाठीच बनवलेलं असतं. एकदा तेल लावलेला दगड पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही.

पाण्याचा दगड मध्ये खोलगट होतो आणि मग कोन आपोआप बदलत राहतो. चार-पाच सुऱ्या झाल्या की दगडावर पेन्सिलने चौकड्या आखाव्यात, सपाट काचेवर पी 120 चा ओला पेपर ठेवून त्यावर दगड घासावा. मधल्या रेघा शेवटी जातात. त्या गेल्या की दगड सपाट झाला. वाळवायचा तो सावलीत, कडेवर उभा करून.

विळीचं पातं हलत नाही, तेव्हा दगड हलवायचा. हातात मावेल असा चार इंची तुकडा, पाट पायाखाली घट्ट, आणि हात नेहमी धारेपासून पाठीकडे. बर तशीच येते, तशीच काढायची. मग पातं पुसून तेलाचं बोट.