निकामी गॅसवाहिनी, स्वयंपाकघरातील

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात ओटा हलवल्यामुळे किंवा शेगडीऐवजी इंडक्शन आल्यामुळे वापराबाहेर गेलेली गॅसची नळी. मुंबईत अशा नळ्या दोन वेगवेगळ्या काळांतल्या सापडतात.

जुन्या नळ्या कोळशापासून काढलेल्या गॅसच्या. बाँबे गॅस कंपनीचा आरंभ १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला असावा. रस्त्यांवरील गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. घरातल्या चुलीपर्यंत हा गॅस केव्हा पोहोचला, हे ठरवणे अवघड आहे. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींच्या भिंतीत सापडणारी प्रत्येक लोखंडी नळी चुलीचीच समजण्याचा प्रघात आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी वीज पसरेपर्यंत घरातले दिवेही गॅसवर चालत. नळीचे तोंड डोक्याच्या उंचीवर निघत असेल तर ती दिव्याची आणि ओट्यालगत निघत असेल तर चुलीची, हा निकष अधिक सयुक्तिक वाटतो. अशी नळी कापल्यावर आत काळसर डांबरी थर दिसतो व डांबरगोळ्यांसारखा वास येतो. मात्र गंजलेली दिसते म्हणून नळी रिकामी आहे असे गृहीत धरू नये. ती कोठून येते हे शोधून, दुसरे टोक मोकळे असल्याची खात्री झाल्याशिवाय तिला करवत लावू नये.

नव्या नळ्या नैसर्गिक वायूच्या. महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. इमारतीची उभी वाहिनी (रायझर), तिच्यातून निघणारी शाखा, मीटर आणि शेगडीजवळचा कॉक अशी मांडणी असते. घरातील दाब सुमारे २१ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या साधारण २१४ मिमी उंचीइतका असतो. दाब कमी असला तरी हवेत ५ ते १५ टक्के मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) झाले की मिश्रण पेट घेते.

कॉक बंद करणे म्हणजे वाहिनी बंद करणे नव्हे. कॉकची दांडी नळीला आडवी असली की तो बंद असतो, पण फरशीवाल्याच्या हाताने किंवा भांड्याच्या धक्क्याने ती फिरू शकते. कॉकची आतली बैठकही झिजते. म्हणून नको असलेली शाखा शक्यतो मुळाशीच, टी-जोडाजवळ, तोडून घ्यावी. हे काम गॅस कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाचे आहे. रायझरला मालकाने किंवा कंत्राटदाराने हात लावू नये. त्यावर वरच्या-खालच्या घरांचा पुरवठा असतो.

उरलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) टोकात आटे असलेला धातूचा प्लग बसवतात. आट्यांवर गॅससाठीची टेफ्लॉन टेप किंवा सीलंट लावतात. येथे दोन पाने (स्पॅनर) लागतात: एकाने मागचा जोड धरायचा, दुसऱ्याने प्लग आवळायचा. एकाच पान्याने जोर लावल्यास मागचा जोड ढिला होतो आणि गळती भिंतीआड सुरू होते. तांब्याच्या नळीचे टोक ठोकून चपटे करणे किंवा दुमडणे चालत नाही. त्याला ब्रेझिंग केलेली, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने जोडलेली, टोपी हवी. एम-सील, चिंधी किंवा तारेने बांधलेली रबरी नळी ठेवून काम संपवणे धोक्याचे आहे.

तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडीने कधीही नाही. सर्व बर्नर बंद व मीटरचा कॉक उघडा ठेवून मीटरचे शेवटचे आकडे पाहावेत. ते सरकले तर गळती आहे. प्लग लावलेले टोक टाइल्सच्या मागे गाडू नये, कारण वरच्या कपाटासाठी ड्रिल मारणाऱ्याला ते दिसत नाही. मीटर कपाटात घ्यायचाच असल्यास वरच्या बाजूला झरोका हवा, कारण हा वायू हवेपेक्षा हलका असून छताकडे साचतो. सिलिंडरचा गॅस उलट जमिनीलगत पसरतो.

पाइपचा गॅस सोडून पुन्हा सिलिंडरवर जाताना शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या, बदलावे लागतात. पाइपच्या गॅससाठीचे जेट मोठ्या छिद्राचे असतात. तेच राहिले तर ज्योत पिवळी, उंच येते आणि भांडी काजळतात.