रेगे, पुरुषोत्तम शिवराम

(२ ऑगस्ट १९१० – १७ फेब्रुवारी १९७८). मराठी कवी, कादंबरीकार, नाटककार, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि ‘छंद’ या वाङ्मयीन द्वैमासिकाचे संपादक. जन्म कोकणातील मिठबाव (ता. देवगड, आताचा सिंधुदुर्ग जिल्हा) येथे. शिक्षण मुंबईत आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे ते प्राचार्य झाले.

‘साधना आणि इतर कविता’ (१९३१) हा पहिला संग्रह असला, तरी त्यांचा स्वतःचा सूर पुरता लागला तो ‘दोला’ (१९५०), ‘गंधरेखा’ (१९५३) आणि ‘पुष्कळा’ (१९६०) यांत. कवी बा. सी. मर्ढेकर यांच्या प्रभावाने नवकविता (परंपरेपासून वेगळी झालेली आधुनिक मराठी कविता) महानगरी विफलतेकडे वळली, त्या काळात रेगे स्त्रीरूपापाशीच राहिले. ही स्त्री निव्वळ प्रेयसी नव्हे. सृष्टीतली सर्जनशक्तीच ते तिच्यात पाहतात. म्हणून शृंगार उत्कट असूनही त्यात भावविवशता येत नाही. ‘त्रिधा राधा’ ही कविता पाहावी : कृष्ण आकाश तर राधा चांदणी, तो भुई तर ती साळीचे शेत, तो पाणी तर ती काठावर झुकलेले वन. इतक्या थोड्या शब्दांत एवढा पैस मराठीत फार क्वचित सापडतो.

‘छंद’ त्यांनी १९५४ ते १९६० या काळात चालवले. कविता आशयापुरती न वाचता तिची घडण, लय आणि प्रतिमा यांसह वाचावी, ही त्यांची धारणा होती. ‘छांदसी’ (१९६२) आणि ‘मर्मभेद’ हे त्यांचे समीक्षालेखांचे संग्रह.

‘सावित्री’ (१९६२) ही कादंबरी म्हणजे नायिकेची एकोणचाळीस पत्रे. उत्तरे वाचकाला दिसत नाहीत, ती सावित्रीच्या लिहिण्यातून उमगत जातात. मोर हवा असेल तर आपणच मोर व्हावे, ही कादंबरीत येणाऱ्या लच्छीच्या गोष्टीतली जाण साऱ्या कथनात झिरपलेली आहे, आणि रेगे यांच्या कवितेचेही मर्म तिच्यात आहे. ‘अवलोकिता’, ‘रेणुका’ आणि ‘मातृका’ या नंतरच्या कादंबऱ्या. ‘रंगपांचालिक’, ‘माधवी : एक देणे’ ही नाटके.

वर्धा येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (१९६९) ते अध्यक्ष होते. निवडक कविता ‘सुहृदगाथा’त (१९७५) आहेत, नव्या वाचकाने तिथूनच सुरुवात करावी.