मामाची लाकडी गाडी: खरी वुडी आणि स्टिकरवाली वॅगन
मामा १९७४ साली मिशिगनला गेला आणि दोनेक वर्षांनी त्याने गाडीचा फोटो पाठवला, ही लांबच्या लांब गाडी आणि दोन्ही बाजूंना चक्क लाकूड. फोटो सगळ्या आळीत फिरला. आजीने चष्मा लावून बघितला आणि पहिला प्रश्न, "अरे पण पावसात कुजत नाही का ते? आणि वाळवी लागली म्हणजे?" पुढच्या पत्रात मामाला हे विचारायचं राहूनच गेलं आणि आम्ही पोरं कितीतरी वर्षं हेच धरून चाललो की अमेरिकेत गाड्या लाकडाच्या असतात.

असतात नाही, होत्या. पण मामाची त्यातली नव्हती.

हा घोळ फक्त आमच्या आजीचा नाही बरं का, खुद्द अमेरिकन लोक पण जुन्या गाड्यांच्या गप्पा मारताना बाजूला लाकूड दिसलं की सरसकट 'वुडी' म्हणून मोकळे होतात. पण खऱ्या लाकडाची आणि लाकडाचं नुसतं स्टिकर लावलेली, ह्या दोन्ही वेगळ्या आहेत, सागवानी कपाट आणि प्लायवूडवर सनमायका मारलेलं कपाट यात जेवढा फरक तेवढा तरी आहेच.

आधी खरी वुडी घेऊ. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका न्यायला ज्या गाड्या असायच्या त्यावरून स्टेशन वॅगन (छप्पर पार मागेपर्यंत नेलेली लांब गाडी) हे नाव पडलं, आणि त्यांची बॉडी सुतार बांधायचे, आपल्याकडे ट्रकची बॉडी बांधून घ्यायचे ना तसंच. पुढे बॉनेट पत्र्याचं, आणि ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या काचेपासून मागे सगळं लाकूड. सांगाडा मेपल, बर्च नाहीतर ॲशचा, मधल्या फळ्या बऱ्याचदा महोगनीच्या, दारं लाकडी, छताला लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं वॉटरप्रूफ कापड. फोर्डने १९२९ मध्ये मॉडेल ए ची वॅगन स्वतः काढली आणि लाकडासाठी मिशिगनच्याच उत्तर भागात आयर्न माउंटनला कारखाना चालवला, जंगल पण स्वतःचंच. तिथल्या भुशाचं आणि तुकड्यांचं काय करायचं म्हणून कोळशाच्या वड्या पाडायला सुरुवात केली आणि त्या चक्क फोर्डच्या डीलरकडे विकायला ठेवल्या. आज अमेरिकेत अंगणात शेगडी पेटवायला किंग्सफर्डचा कोळसा आणतात ना, तो हाच. (मला हे कळलं तेव्हा मी अर्धा तास ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.)

दिसायला वुडी देखणीच, पण सांभाळायला नको नको व्हायचं. दरवर्षी घासून व्हार्निश, पाऊस लागला की दारं फुगणार, सांधे ढिले झाले की गाडी खड्ड्यात कुरकुरणार, आणि एवढं करून कंपनीच्या यादीत बहुतेक वेळा हीच सगळ्यात महाग. म्हणजे चार पोरं आणि एक कुत्रा असलेल्या साध्या घराची गाडी ती नव्हतीच. घरोघरी पोचली ती तिच्या नंतरची.

कारण दुसऱ्या महायुद्धानंतर पत्रा स्वस्तात दाबून मिळायला लागला. १९४६ मध्ये विलीजने सगळी पत्र्याची जीप वॅगन काढली आणि गंमत म्हणजे तिला रंग असा दिला की लांबून लाकूडच वाटावं. १९४९ ला प्लिमथची पत्र्याची वॅगन आली, १९५२ ला फोर्डची कंट्री स्क्वायर पत्र्याची झाली, आणि १९५३ च्या ब्यूक एस्टेट वॅगननंतर खऱ्या लाकडी बॉडीची वॅगन अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या कंपनीने काढली नाही. लाकूड गेलं पण लोकांच्या डोळ्यांना वॅगन म्हणजे लाकूड याची सवय झाली होती, मग काय, पत्र्यावर लाकडाच्या रेषा छापलेला विनाइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, चिकटवला. त्याचं नाव डाय-नॉक, पुढे ते थ्रीएम कंपनीकडे गेलं. कंट्री स्क्वायरवर पहिली एकदोन वर्षं तर मधे स्टिकर आणि कडेची चौकट खऱ्या लाकडाची असा अर्धवट संसार होता, मग चौकट पण फायबरची झाली.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नकली म्हणून नाक मुरडतात तीच गाडी लोकांच्या आठवणीत आहे. मागच्या तिसऱ्या सीटवर उलटं तोंड करून बसायचं आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हॉर्न वाजव म्हणून हाताने खूण करायची, ते सगळं ह्या स्टिकरवालीतलं. फोर्डच्या मोठ्या वॅगनमध्ये १९६५ पासून मागे दोन छोट्या सीट समोरासमोर असायच्या, अगदी आपल्या वडापच्या ट्रॅक्ससारख्या, गुडघ्याला गुडघा लागणार आणि भांडण होणारच. १९६६ पासून तर मागचं दार हवं तर फळीसारखं खाली पाडा नाहीतर कपाटासारखं बाजूला उघडा. मामाची मुलं अजून ते दार कसं वाजायचं ते तोंडाने करून दाखवतात. खऱ्या वुडीबद्दल असं बोलणारी माणसं मला भेटलीच नाहीत, तिच्याबद्दल बोलतात ते एक तर लिलावात लाख लाख डॉलर मोजणारे, नाहीतर कॅलिफोर्नियातले म्हातारे सर्फर, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर घसरणारे, कारण १९५० नंतर जुन्या वुडी कवडीमोलाने मिळायच्या आणि लांब बोर्ड आत मावायचा.

ओळखायचं कसं? फोटो असेल तर आधी साल बघा, अमेरिकन गाडी आणि साठ-सत्तरचं साल असेल तर डोळे मिटून स्टिकर म्हणा. गाडी समोर असेल तर फळ्यांच्या कडा बघा, खऱ्या लाकडात सांधे दिसतात, बोटात बोट अडकवल्यासारखे, आणि सावली पडते, स्टिकरमध्ये रेषा दारावरून सपाट पुढे जातात. टिचकी मारली तर एक ठक् वाजतं, दुसरं टण.

नावावर मात्र जाऊ नका. क्राइसलरची टाउन अँड कंट्री १९४१ ला आली ती खरी लाकडाची, पुढे तेच नाव स्टिकरवाल्या वॅगनवर, आणि १९९० ला तेच नाव मिनीव्हॅनवर, परत बाजूला लाकडी स्टिकर! १९८४ च्या मॉडेलपासून कॅरॅव्हॅन आणि व्हॉयेजर ह्या मिनीव्हॅन आल्या आणि त्यांनीच वॅगनचं गिऱ्हाईक पळवलं, १९९६ ला ब्यूक रोडमास्टर बंद झाली तेव्हा मोठी लाकडी पट्ट्यावाली वॅगन संपली. जुन्या ग्रँड वॅगनियर जीपचं पण तेच, लाकूड दिसतं ते विनाइल.

मामाची गाडी कुठल्या कंपनीची ते राहू दे. मामी सांगते, तिसऱ्या का चौथ्या हिवाळ्यात मागच्या दाराचं 'लाकूड' कोपऱ्यातून सुटायला लागलं, तर मामाने इथून नेलेला सुताराचा पांढरा गम काढला, भरपूर थापला, वरून विटा टेकवून रात्रभर ठेवला. सकाळी विटा खाली आणि स्टिकर वाऱ्यावर. गम लाकडाचा होता ना तो.